पिवळा रंग चढवला की मार लागत नाही

'एक्स्ट्रॅक्शन' नेटफ्लिक्सवर आला २४ एप्रिल २०२० रोजी. लॉकडाऊन लागून महिना झाला होता, थिएटरं बंद होती आणि पुण्या-मुंबईत आयटीत काम करणारी आमच्यासारखी पोरं लॅपटॉप घेऊन गावाकडं येऊन बसली होती. आमचं गाव श्रीपूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. साखर कारखान्याचं गाव. एरवी इथं हॉलिवूडचा सिनेमा म्हणजे टीव्हीवर हिंदीत डब होऊन, जाहिरातींसकट, निवांत येणारी गोष्ट. हा मात्र अमेरिकेत आला त्याच दिवशी आमच्या घरातही आला. एकाच आठवड्यात तो कॉलेजच्या पोरांनी पाहिला, कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या थोरल्या चुलतभावानं पाहिला आणि 'मोबाइलवर एवढं काय चाललंय' म्हणून डोकावलेल्या काकूनंही शेवटपर्यंत पाहिला.

एका हिंसक सिनेमाबद्दल माणसं नेमकं काय बोलतात, हे त्या आठवड्यात भरपूर ऐकायला मिळालं. हा लेख त्या सिनेमाबद्दल आहे, पण त्याहून जास्त त्या मतांबद्दल आहे. कारण त्या सगळ्या मतांमध्ये एक गोष्ट सारखी होती. मारणाऱ्याबद्दल सगळे बोलले. मेलेल्यांबद्दल जवळजवळ कुणीच नाही.

(पुढं शेवटासकट सगळं सांगितलंय. सिनेमा पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या.)

गोष्ट साधी आहे. मुंबईच्या तुरुंगात असलेला ड्रग्जचा बादशहा ओवी महाजन (पंकज त्रिपाठी) याच्या मुलाला ढाक्यातला त्याचा प्रतिस्पर्धी आमिर आसिफ (प्रियांशू पैन्युली) पळवून नेतो. मुलाचं नावही ओवीच. ते काम रुद्राक्ष जायस्वालनं केलंय. त्याला सोडवायला भाड्याचा ऑस्ट्रेलियन सैनिक टायलर रेक (क्रिस हेम्सवर्थ) जातो. दुसरीकडं महाजनचा माणूस, माजी कमांडो साजू (रणदीप हुडा), हाही पोराच्या मागावर असतो, कारण पोरगा परत नाही आला तर साजूच्या स्वतःच्या लेकराचा जीव जाणार असतो. आसिफ सगळं शहर बंद करतो. पोलीस, लष्कर, गल्लीतली पोरं, सगळे यांच्या मागं. मग उरलेला सिनेमा म्हणजे गोळ्या, सुरे, गाड्या आणि शेवटी एक पूल.

आवडलं ते का आवडलं

चुलतभावाचं मत एका दमात होतं. "लय भारी मारतोय राव. आन् मधी कटच नाय कुठं!"

हे मत उडवून लावण्यासारखं नाही. त्यात सिनेमाचं नेमकं निरीक्षण आहे. तो म्हणत होता तो प्रसंग म्हणजे सिनेमाच्या मध्यावर येणारा सुमारे १२ मिनिटांचा, एकाच शॉटसारखा दिसणारा पाठलाग. गाडीतून गल्लीत, गल्लीतून इमारतीत, जिन्यावरून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा रस्त्यावर. तो खरोखरच्या एका शॉटमध्ये घेतलेला नाही. वेगवेगळे तुकडे जोडून सांधे लपवले आहेत. पण सांधे दिसत नाहीत, हेच कसब. दिग्दर्शक सॅम हारग्रेव्ह हा मुळात स्टंटमन आणि ॲक्शन डिझायनर. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच मोठा सिनेमा. पाठलागातले काही भाग त्यानं स्वतःला गाडीच्या पुढच्या बाजूला बांधून घेऊन, कॅमेरा हातात धरून शूट केले.

याचा परिणाम पाहणाऱ्याला लगेच कळतो. एरवी ॲक्शन प्रसंगात दर सेकंदाला कट असतो आणि कोण कुणाला कुठून मारतंय ते समजत नाही. इथं जिना कुठं आहे, दार कुठं आहे, पोरगा कुठं लपलाय, हे आपल्याला ठाऊक असतं. नायक दमतो. धापा टाकतो. मार बसला की त्याचा वेग कमी होतो. दिवसभर जड यंत्रं उघडून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला हे आवडणारच. काम कसं केलंय ते इथं दिसतं.

तेव्हा 'लोकांना हिंसा आवडते' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. लोकांना कौशल्य आवडतं. सिनेमा ते कौशल्य माणसं मारण्याच्या रूपात दाखवतो, आणि आपण टाळी वाजवतो ती कौशल्याला. अडचण एवढीच, की या व्यवहारात मरणारा माणूस हा फक्त कौशल्य दाखवायचा माल उरतो. त्या १२ मिनिटांत टायलर आणि साजू ज्यांना मारतात, त्यातले बरेचसे गणवेशातले पोलीस आहेत. भ्रष्ट असतील, वरच्या हुकमानं आले असतील. पण पडद्यावर त्यांना चेहरा नाही. पडला की पुढचा.

काकूचा प्रश्न

काकूचं मत वेगळं होतं. तिला पाठलागाचं काही पडलेलं नव्हतं. तिनं विचारलं, "त्या रणदीपला कशाला मारला? त्याचं लेकरू वाट बघत होतं की घरी."

माझ्या मते हे या सिनेमावरचं सगळ्यात अचूक समीक्षण आहे. टायलर रेकला दुःख दिलंय: त्याचा लहान मुलगा कर्करोगानं गेला आणि त्या काळात हा अफगाणिस्तानात निघून गेला होता. आता दुसऱ्याच्या पोराला वाचवून तो ते दुःख फेडतो. पटकथेच्या हिशेबात हे दुःख म्हणजे परवाना आहे. नायकाला जखम दिली की त्याच्या हातून होणाऱ्या प्रत्येक मृत्यूला माफी मिळते. 'जॉन विक'मध्ये (२०१४) मेलेल्या बायकोनं पाठवलेलं कुत्र्याचं पिल्लू हेच काम करतं.

पण साजूची बाजू पाहिली तर सिनेमा उलटा दिसायला लागतो. साजूला पैसे नकोत, प्रायश्चित्त नको. त्याला स्वतःचं लेकरू जिवंत पाहिजे. मालकानं धमकी दिलीय म्हणून तो मारायला निघालाय. त्याच्या बायकोचं काम आपल्या नेहा महाजननं केलंय. 'कॉफी आणि बरंच काही'मधून मराठी प्रेक्षकांना ती माहीत आहे. तिच्या वाट्याला मोजके प्रसंग आलेत. सगळ्यात जास्त धोका ज्या घराला आहे, त्या घराला सिनेमात सगळ्यात कमी जागा. आणि पुलावर गोळी लागून साजू पडतो तेव्हा कॅमेऱ्याला पुढं जायची घाई असते, कारण पोस्टरवरचा माणूस अजून उभा असतो.

काकूनं जे विचारलं, ते कुठल्याही रिव्ह्यूमध्ये विचारायला हवं होतं: या सिनेमात कुणाचा जीव महाग आहे, आणि ते कुणी ठरवलं?

ढाक्याहून आलेलं मत

सिनेमा आला त्याच आठवड्यात बांगलादेशातल्या प्रेक्षकांची नाराजी जगभर पोचली. तक्रारी अगदी ठोस होत्या. ढाका असं दिसत नाही. पात्रांची बंगाली ढाक्याची वाटत नाही. एक गुंड सगळं शहर आणि पोलीस दल खिशात ठेवतो, हे आमच्या राजधानीचं चित्र कसं? आणि सगळ्यात जास्त चेष्टा झाली ती रंगाची. ढाक्यात पाऊल टाकलं की सगळा पडदा पिवळा पडतो. हवा पिवळी, भिंती पिवळ्या, माणसं पिवळी.

हा रंग आकाशातून येत नाही. शूट झाल्यावर कलर ग्रेडिंग नावाचा टप्पा असतो. कॅमेऱ्यानं टिपलेल्या प्रत्येक रंगाला कुठला रंग द्यायचा, याचं एक कोष्टक संगणकात तयार करतात आणि ते अख्ख्या प्रसंगावर चढवतात. मोबाइलवर फोटोला फिल्टर लावतो, त्याचंच थोरलं भावंडं. हॉलिवूडमध्ये हा पिवळा फिल्टर वर्षानुवर्षं ठराविक देशांसाठी राखून ठेवलाय: मेक्सिको, मध्यपूर्व, दक्षिण आशिया. त्याचा अर्थ प्रेक्षकाला न सांगता कळतो. इथं ऊन आहे, धूळ आहे, कायदा नाही. इथं माणसं मेली तर फारसं मनावर घेऊ नका.

आता यातली खरी गंमत. सिनेमाचं बहुतांश शूटिंग ढाक्यात झालेलंच नाही. ते झालं अहमदाबाद, मुंबई आणि थायलंडमध्ये. मूळ ग्राफिक नॉव्हेल 'सिउदाद' तर पॅराग्वेतल्या एका शहरात घडतं. गोष्ट तिथून उचलली, ढाक्यात ठेवली आणि गुजरातेत शूट केली. आपण 'ढाक्यातल्या गल्ल्या' म्हणून ज्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच आपल्याच देशातल्या, आपल्यापासून रात्रभराच्या प्रवासावरच्या गल्ल्या होत्या. आमच्याकडं एकालाही त्या ओळखीच्या वाटल्या नाहीत. पिवळा रंग इतकं चोख काम करतो.

आपल्याकडच्या प्रेक्षकांत ढाकावाल्यांच्या तक्रारीबद्दल फारशी सहानुभूती मला दिसली नाही. "सिनेमा आहे तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" असा सूर होता. पण हेच मुंबईबद्दल झालं तेव्हा आपला सूर वेगळा होता. 'स्लमडॉग मिल्यनेअर'वर (२००८) आपण किती चिडलो होतो! शीर्षकातल्या 'डॉग'वरून निदर्शनं झाली, 'गोऱ्यांना आमची गरिबीच दिसते' यावर चर्चा झडल्या. त्याआधी १९८४च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'मध्ये भारतीय राजवाड्यात माकडाचा मेंदू जेवणात वाढतात, ते पाहून आजही आपल्याला राग येतो. म्हणजे अपमान आपला असला की सिनेमा गंभीर, शेजाऱ्याचा असला की नुसती करमणूक.

माझ्यापुरतं सांगायचं तर पिवळा फिल्टर मला घरबसल्या कळतो. पुण्यातल्या ऑफिसात गाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सोलापूर म्हणजे दुष्काळी ना?" त्यांच्या डोक्यातल्या सोलापुरावर एक कायमचा रंग चढवलेला आहे. प्रत्यक्षात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा आमचा भाग उसानं हिरवागार असतो. त्याच जिल्ह्यात पाण्यासाठी तरसणारी गावंही आहेत, आणि हा फरक का पडला हा खरा रंजक प्रश्न आहे. पण फिल्टर लावला की प्रश्न संपतात. लांबून सगळं एकाच रंगाचं दिसतं.

अंतर शून्य झालं की

इथं मला आपल्या जिल्ह्यातला एक सिनेमा आठवतो. त्याच्याशिवाय हा मुद्दा पूर्ण होत नाही.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ला आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. आर्चीचं काम करणारी रिंकू राजगुरू आमच्या शेजारच्या अकलूजची. भाषा आमची, ऊस आमचा, बुलेट आमची, पाटलाचा रुबाबही आमचाच. मी तेव्हा सोलापुरात इंजिनिअरिंगला होतो. थिएटरात 'झिंगाट'ला पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचायची, हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याहून लक्षात राहिलं ते शेवटचं.

हैदराबादच्या घरी आर्चीचा भाऊ आणि त्याच्यासोबतची माणसं येतात. आईनं पाठवलेल्या भेटवस्तू आणतात. ती चहा करते. मग एक कट. लहान पोरगं शेजारणीसोबत परत येतं, दारातून आत जातं आणि रडत बाहेर येतं तेव्हा त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे फरशीवर उमटत जातात. आवाज बंद. खून होताना दाखवलेलाच नाही. सुरा नाही, किंकाळी नाही, एकही फटका नाही. 'एक्स्ट्रॅक्शन'च्या कुठल्याही एका मिनिटात याच्या कितीतरी पट जास्त हिंसा 'दिसते'.

आणि तरी थिएटरात शिट्टी नव्हती. लोक उठायचे विसरले होते. बाहेर पडताना कानावर पडणारं मत एकच: "शेवट असा करायला नको होता." 'एक्स्ट्रॅक्शन'च्या बाबतीत हे वाक्य कुणी म्हटलं नाही, काकू सोडून. म्हणजे हिंसेचं प्रमाण हा मुद्दाच नसतो. मुद्दा अंतराचा असतो. तिथं मेलेले पोलीस अनोळखी, पिवळ्या शहरातले. इथं मारणारे आणि मरणारे दोघंही ओळखीचे. मारणारे तर जास्तच ओळखीचे, कारण ते हातात आहेर घेऊन येतात.

शेवट बदलायला सांगणाऱ्या माणसाला नेमकं काय बदलायचं असतं? बाहेर तर तो शेवट आधीच घडून गेला होता. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात, खर्डा गावात, २८ एप्रिल २०१४ला सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला मारून टाकलं गेलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा मानला गेला होता. खटला उभा राहिला, बरेच साक्षीदार फितूर झाले आणि २०१७मध्ये आरोपी सत्र न्यायालयात निर्दोष सुटले. 'सैराट' आला तेव्हा या घटनेला दोन वर्षं आणि एक दिवस झाला होता.

फितूर साक्षीदार म्हणजे तरी कोण? पाहिलेलं असूनही न बोलणारा प्रेक्षक. म्हणून मला 'सिनेमाच आहे तो' हे मत निरुपद्रवी वाटत नाही. समोर कुणी मेलं तर त्याच्याकडं न पाहता मारणाऱ्याच्या हाताची सफाई पाहायची, ही सवय आहे. ती सिनेमानं लावली असं मी म्हणणार नाही. खर्ड्यात साक्ष फिरली ती जातीच्या धाकानं, हॉलिवूडमुळं नाही. पण ज्या समाजात ही सवय आधीच आहे, तिथं असा सिनेमा तिला कुरवाळतो, आणि 'सैराट' तिला फटका मारतो. दोन्ही सिनेमांत हिंसा आहे एवढ्यावरून त्यांना एका रांगेत बसवता येत नाही.

दोन मिनिटांचं मत

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. आपण गप्पांमध्ये देतो ती मतं नेटफ्लिक्सला ऐकू येत नाहीत. त्यांना ऐकू येतो आकडा. 'एक्स्ट्रॅक्शन' आला तेव्हा त्यांनी सांगितलेला अंदाज होता पहिल्या चार आठवड्यांत ९ कोटी घरं. नंतर तो आकडा ९.९ कोटींवर गेला. हे भव्य वाटतं. पण त्या काळात त्यांच्या हिशेबात एखाद्यानं दोन मिनिटं पाहिलं की त्यानं ते 'पाहिलं', असं धरलं जायचं. (२०२३पासून पद्धत वेगळी आहे: एकूण पाहिलेले तास भागिले सिनेमाची लांबी.)

सॉफ्टवेअरमध्ये एक साधा नियम आम्ही रोज अनुभवतो: जे मोजाल तेच वाढेल. काकूची हळहळ मोजायचं बटण त्या ॲपमध्ये नाही. आम्ही मोबाइलवर दहा-दहा सेकंद मागं नेऊन पुन्हा पाहिलेला गच्चीवरचा मार मात्र प्रत्येक टॅपसकट कुठंतरी नोंदवला जाऊ शकतो. जून २०२३मध्ये 'एक्स्ट्रॅक्शन २' आला. त्यात एकाच शॉटसारखा दिसणारा प्रसंग १२ मिनिटांवरून सुमारे २१ मिनिटांवर गेला होता: जॉर्जियातला तुरुंग, मग गाड्या, मग धावती रेल्वे. तिथं पिवळ्याऐवजी थंड करडा रंग आहे. कौशल्य पहिल्याहून वरचढ आहे आणि मरणाऱ्यांना चेहरा तेवढाच कमी आहे. चुलतभावाला तोही आवडला. आवडणारच, त्याच्यासारख्या कोट्यवधी लोकांना काय आवडलं ते ओळखूनच तो बनवलाय.

म्हणजे आपलं मत पोचतं, पण त्यातला एकच भाग पोचतो. उरलेला भाग आपणच बोलायचा असतो: एकमेकांशी, घरात, कट्ट्यावर, अशा लेखांत. 'भारी आहे' म्हणावं, जरूर म्हणावं. मीही म्हणतो, ती १२ मिनिटं मी तीनदा पाहिलीत. पण त्याच्या पुढचं वाक्यही यायला पाहिजे.

त्या वाक्याला सुरुवात करायला सिनेमातच एक जागा आहे. फरहाद नावाचा एक पोरगा आहे. आसिफच्या टोळीतला, मिसरूडही न फुटलेला. सुरुवातीलाच त्याच्यासमोर आसिफ एका लहान मुलाला गच्चीवरून खाली फेकायला लावतो. पुढं टायलर रेकची या पोरांच्या टोळक्याशी गाठ पडते. तो त्यांना मारून टाकत नाही, थपडा मारून हाकलतो. तिथं आपल्याला हसू येतं. सिनेमाला ते हसू हवंच असतं. फरहादला मात्र येत नाही. तो ती थप्पड शेवटपर्यंत जपून ठेवतो आणि पुलावर, सगळं संपलं असं वाटत असताना, टायलरच्या मानेत गोळी घालतो.

सगळ्या सिनेमात फक्त याच एका गोळीला मागचा-पुढचा हिशेब आहे. ती कुठून आली, पोरगा असा कसा झाला, हे आपण पाहिलेलं असतं. तिथं क्षणभर पिवळा रंग उतरतो आणि एक पोरगा दिसतो. नंतर कॅमेरा नदीत पडलेल्या टायलरच्या काळजीत निघून जातो. आठ महिन्यांनंतरच्या प्रसंगात तो जगला असावा अशी सोयही करून ठेवतो, कारण दुसरा भाग काढायचा असतो.

फरहादचं पुढं काय झालं, ते सिनेमा सांगत नाही. आमच्याकडं कुणी विचारलंही नाही. हातात बंदूक घेतलेला तो पोरगा भर पुलावर उभा आहे, चहूबाजूला माणसं मरून पडलीत, आणि तो वयानं साधारण आपल्या दहावीतल्या भावाएवढा आहे.